दादाचा हातगुण

हॉस्पिटलातल्या नर्सबाईंनी मला ती जागा दाखवली होती. मनगटाच्या घडीपासून तीन बोटं सोडून, आतल्या बाजूला, दोन शिरांच्या मधोमध. तिथे अंगठा टेकवून दाबायचा आणि हळूहळू गोल फिरवायचा. उलटीची गोळी चुकवायची नाही, हे फक्त तिच्या जोडीला, असंही त्यांनी बजावलं होतं.

मी शिवणकाम करते. कात्री धरून धरून माझ्या अंगठ्याला घट्टा पडलाय. सलाइनमधून औषध चढवून आलं की आईच्या पोटात ढवळायला लागतं. मग मी तिचा हात मांडीवर घेते आणि ती तोंड वाकडं करते.

"अंगठा आहे की कानस?"

पण कॉटखालची बादली बहुतेक वेळा कोरडी राहते आणि थोड्या वेळाने ती टोस्ट मागते. उपयोग होतो हे तिलाही कळतं. तोंडाने म्हणायचं तेवढं राहून जातं. मला कौतुक नको होतं. 'बरं वाटलं गं', एवढंच एकदा ऐकायचं होतं.

दादा फोनवरून आजारपण बघतो. या रविवारी मात्र साहेब स्वतः अवतरले, हातात भलामोठा गुच्छ घेऊन. आईला हल्ली फुलांच्या वासानेही उमासे येतात, म्हणून मी तो गुपचूप गॅलरीत नेऊन ठेवला.

"मी दाबतो आज. दाखव कुठे ते," दादा म्हणाला.

मी दाखवलं. त्याचं अर्धं लक्ष मोबाइलमध्ये. त्याने आईचा हात पालथा घेतला आणि मनगटाच्या हाडावर अंगठा चोळायला लागला, टेबलावरचा डाग पुसावा तसा.

"दादा, तिथे नाही. हात उताणा कर."

"राहू दे गं," आई म्हणाली. "बरोबर लागतंय त्याचं. किती बरं वाटलं. हातगुण आहे माझ्या लेकाला."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तिच्या कपाळावर घाम होता, चेहरा पांढराफटक पडला होता, आणि ओठ घट्ट मिटून ती हसत होती.

"बघ, काही अवघड नाही," दादा मला म्हणाला. चहासुद्धा न घेता निघाला.

खाली त्याची गाडी सुरू झाल्याचा आवाज येईपर्यंत आईने दम धरला. मग बादली ओढायलाही सवड मिळाली नाही. सगळं चादरीवर आणि माझ्या अंगावर. मी चादर बदलली, तिचं तोंड पुसलं, आणि मग मला राहवेना.

"जागा चुकली होती त्याची. कळलं होतं ना तुला?"

"कळलं होतं."

"मग?"

"बरं वाटलं नाही म्हटलं असतं, तर तो परत आला असता का?" तिने डोळे मिटले. "तू काय, असतेसच."

कुणी कानफटात मारली असती तरी चाललं असतं. उठून मशीनवर जाऊन बसावं, दिवसभर तिकडे फिरकूच नये, असं वाटलं. तेवढ्यात तिने हात पुढे केला. उताणा, बाही वर सरकवून.

मी तीन बोटं मोजली. दोन शिरांच्या मध्ये अंगठा रोवला आणि फिरवायला लागले. हळूहळू तिचा श्वास संथ झाला, ओठ सैल झाले.

"वाटतंय का बरं?" मी शेवटी विचारलंच.

"टोचतोय तुझा अंगठा," आई म्हणाली. "पोचला असेल का गं तो घरी?"