टिकायचं मीठ

बाबुरावच्या हॉटेलवर रखमाचा भारी राग. तसं त्या हॉटेलाने तिचं काय घोडं मारलं होतं? लालबागच्या मसाल्याच्या दुकानांमागे एक जुनी खोली, सहा टेबलं, भिंतीवर पारा उडालेला आरसा आणि कढईतून उतरणारे बटाटेवडे. मिल चालू होती तेव्हा रखमा स्वतः तिथे हौसेने जायची. पगाराच्या शनिवारी गुणाजी, तिचा नवरा, तिला आणि लहानग्या तुळसाला घेऊन आरशासमोरच्या टेबलावर बसायचा, वडा-उसळ मागवायचा, वर एकेक पियुष. रखमा पहिला घास घेऊन नाक मुरडायची, "खोबरं नीट भाजलंच नाही मेल्यांनी," आणि मग वाटी पुसून खायची. गुणाजी पोट धरून हसायचा. तेव्हा तो पुष्कळ हसायचा, पुष्कळ बोलायचाही.

त्याला आता वीस वर्षं उलटली. संप झाला, भोंगा बंद पडला तो कायमचाच. ज्या खात्यात गुणाजीचे कापड विणायचे साचे धडधडायचे तिथे काचेची उंच इमारत उठत होती. मधल्या वर्षांत त्याने कुठे वॉचमनकी केली, कुठे गोदामात पोती मोजली, आणि आता गुडघे धरल्यावर घरी बसला होता. बसला म्हणजे, दुपारी तीनचा ठोका पडेपर्यंत. तीन वाजले की चपला पायात आणि थेट बाबुरावकडे. हे आधी शेजारणीने सांगितलं, मग मिरची कांडणाऱ्या बाईने सांगितलं, आणि रखमाचं डोकं फिरलं. आपण इथे मरमर मरून डबे भरून ठेवायचे आणि यांनी हॉटेलात वडे हाणायचे!

डब्यांचं असं होतं. रखमा दादरच्या एका पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटायला जायची. सकाळी दहाला बाहेर पडली की यायला संध्याकाळचे सहा. दुपारचं तिचं जेवण तिकडेच व्हायचं. रात्री घरी ताजा भात, ताजी आमटी, दोघं समोरासमोर बसून जेवायची. प्रश्न होता तो गुणाजीच्या दुपारचा, आणि तो सोडवला तुळसाने. तुळसा लग्न होऊन भायखळ्याला गेली होती. तिने नवा फ्रिज घेतला आणि जुना आईकडे पाठवून दिला.

"सोमवारी सुट्टी असते ना तुला? एकदम करून ठेवायचं आणि वरच्या कप्प्यात टाकायचं," तुळसा म्हणाली. "बाबा रोज एकेक काढतील, गरम करतील, खातील. बर्फात आठवडा काय, महिना राहतं."

"जळलं मेलं ते बर्फ," रखमा म्हणाली. पण मनातून हरखली. तेव्हापासून सोमवार म्हणजे तिचा सण. आईस्क्रीमचे रिकामे डबे घासून ओळीने मांडायचे. बांगड्याचं तिखलं, काळ्या वाटाण्याची उसळ, सोडे घातलेलं वांगं. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून ती डब्यांना सूत बांधायची. गुणाजीने मिलमधून आणलेली दोन-तीन बॉबिनं अजून ट्रंकेत होती. मासळीला लाल, कडधान्याला पांढरं, भाजीला हिरवं. कप्पा गच्च भरला की ती दार उघडं टाकून नुसती बघत उभी राहायची. घरात शिजलेलं अन्न आहे, उद्याचं आहे, परवाचं आहे. संपाचे दिवस ज्यांनी काढले त्यांनाच ते सुख कळेल, इतरांना नाही सांगून उपयोग.

आणि डब्याचं झाकण लावायच्या आधी ती वरून मूठभर खडेमीठ घालायची.

त्यात तिला काही वावगं वाटायचं नाही. ती शिरोड्याची. बाप रापणीवर जाळं ओढायला जायचा, आई मासे खारवायची. पावसाळ्याचे चार महिने घर त्या खाऱ्या बांगड्यांवर निघायचं. मीठ लागलं की माल नासत नाही, हे रखमा चालायला लागायच्या आधीपासून बघत आलेली. बर्फावर तिचा तसाही भरवसा नव्हता. आज आहे, वीज गेली की पाणी. त्यात तुळसाचा तो फ्रिज जुनाट, अधूनमधून घरघरून गप्प बसणारा. तेव्हा शिजवताना घालायचं ते चवीचं मीठ, आणि भरताना घालायचं ते टिकायचं मीठ. दोन्ही वेगळी. टोपातलं चाखून बघायची, डब्यातलं कधी नाही. डबा गुणाजीचा, त्यात तिने कशाला बोट घालायचं?

गुणाजीने डब्यांबद्दल कधी तक्रार केली नाही. पण तो कधीच तक्रार करत नसे. संध्याकाळी घरात शिरल्या शिरल्या ती विचारायची, "जेवण कसं होतं?" आणि तो अंगठ्याला तर्जनी टेकवून हात वर करायचा. म्हणजे झकास. रोज तेच. त्याचं कारण रखमाला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं, आणि दोघं त्याचं नाव काढत नसत.

संपाचा आठवा महिना. भांडी विकून झाली होती, गावाहून येणारे तांदूळ संपत आले होते. त्या दुपारी रखमाने मूठभर कण्यांची पेज केली. नुसत्या कण्या, पाणी आणि मीठ. गुणाजी गेटवरच्या सभेतून आला होता, घसा बसलेला, डोळे तांबारलेले. एक भुरका मारला आणि ताट उचलून भिंतीवर फेकलं.

"ह्याका जेवाण म्हणतंस तू?" तो ओरडला.

रखमा ताट उचलायला वाकली. बोलली ती तुळसा, पाच वर्षांची पोर. "बाबा, मी खाऊ?" असं विचारून ती जमिनीवर बसली आणि फरशीवरची पेज ओंजळीने गोळा करून प्यायला लागली. खाटेखाली गेलेली तीही तिने हात घालून ओढली. गुणाजी बघत राहिला. मग तो भिंतीकडे तोंड करून बसला आणि हुंदके देऊन रडला. एवढा उभा माणूस, रखमाने त्याला असं रडताना आधी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून जेवणाला त्याने नाव ठेवलं नाही. ताटात शीत टाकलं नाही. फक्त अंगठ्याला बोट. पहिल्या पहिल्यांदा तिला त्याचा राग यायचा, मग सवय झाली, मग ती त्या दोन बोटांची रोज वाट बघायला लागली.

तर आता मधेच गुणाजीला हे ब्लडप्रेशर निघालं. गल्लीतल्या डॉक्टरांनी पट्टा गुंडाळला, भुवया चढवल्या, गोळ्या दिल्या. "मीठ कमी करा. काय?"

"चिमूटभरच घालीन," रखमा म्हणाली, आणि खरोखरच त्या दिवसापासून टोपात चिमूटभर घालायला लागली. तिला स्वतःला ते अळणी गिळवत नव्हतं, तरी गिळायची. महिन्याने पुन्हा पट्टा गुंडाळला तर आकडा होता त्याच्याही वर. डॉक्टर चिडले. "काकी, मीठ कमी केलंय ना?"

"देवाशप्पथ, चिमूटच घालते हो!" तिचे डोळे भरून आले. डब्यातलं मीठ तिच्या मनातसुद्धा आलं नाही. ते जेवणातलं मीठ नव्हतंच मुळी.

"बाहेरचं काही खातात?"

हां! इथे तिला वाट सापडली. केंद्रावर दांडी मारून ती दुसऱ्या दुपारी सरळ हॉटेलात गेली. सव्वातीन झाले होते. आरशासमोरच्या टेबलावर गुणाजी बसलेला. पुढ्यात पाण्याचे तीन रिकामे ग्लास आणि ताकाचा एक मोठा पेला. वड्याची बशी काही दिसली नाही. बशी नुकतीच उचलली असणार, रखमाने ठरवून टाकलं.

"बाबुराव, ह्यांना वडा देताना लाज नाही वाटत? माणूस मारायचाय?"

गल्ल्यावरचा बाबुराव उठून उभा राहिला. "वैनी, आईच्यान सांगतो, गुणाजीने वर्षभरात इथे वडा खाल्ला नाही. येतो, घटाघटा पाणी पितो, ताक पितो. तेपण बिनमिठाचं मागतो. पोऱ्याने चुकून मीठ टाकलं तर परत देतो."

"शिकवलंय वाटतं ह्यांनीच!"

"अरे गुणाजी, तू तरी बोल की," बाबुराव म्हणाला.

गुणाजीने रखमाकडे पाहिलं. काहीतरी त्याच्या ओठांवर आलं होतं, हे तिला नंतर पुन्हा पुन्हा आठवलं. तोंड उघडलं होतं त्याने. मग मिटलं, पेला खाली ठेवला आणि उठला. रस्त्यात तिने त्याला बजावलं, "उद्यापासून हॉटेल बंद. माझी शपथ आहे." त्याने मान हलवली. दिलेला शब्द तो मोडत नसे. दुसऱ्या दिवसापासून त्याची दुपार घरातच जायला लागली, एक डबा आणि एक माठ यांच्यासोबत. रखमाने तुळसाला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "बंद केलं बघ मी त्यांचं हॉटेल!"

पाचव्या आठवड्यात गुणाजी मोरीपाशी पडला. संध्याकाळी सहाला रखमा आली तेव्हा तो तिथेच होता. तोंड वाकडं झालेलं, उजवं अंग गेलेलं, आणि चुलीशेजारी बांगड्याचा रिकामा डबा, आतून स्वच्छ पुसून खाल्लेला. बाजूला लाल सूत नीट गुंडाळून ठेवलं होतं. ते तो नेहमी परत वापरायला ठेवायचा.

अठरा दिवस हॉस्पिटल झालं. जीव वाचला, वाचा गेली. घरी आणल्यावर तुळसा चार दिवस राहायला आली. पहिल्याच दुपारी, बापाची कूस बदलून, कपडे बदलून ती दमून बसली आणि म्हणाली, "आई, चूल नको पेटवूस आता. वर डबे असतील ना? मी एक काढते." तिने पांढऱ्या सुताचा डबा काढला, उसळ गरम केली, ताटलीत घेतली.

पहिला घास तिने तोंडात घातला आणि मोरीकडे पळाली. थुंकली, चूळ भरली, पुन्हा चूळ भरली.

"काय झालं गो? आंबली?" रखमा घाबरून म्हणाली.

"मीठ!" तुळसाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "आई, नुसतं मीठ आहे हे! हे बाबा खात होते? रोज?"

रखमाने ताटलीत बोट घातलं आणि तोंडात घातलं. मग तिने हिरव्या सुताचा डबा उघडला, मग लाल सुताचा. गोठलेल्या कालवणावर नख घासून घासून चाखलं. तुळसा "आई, बस झालं" म्हणत होती. ते टिकायचं मीठ होतं, आणि ते चांगलं टिकलं होतं. रखमाला तीन रिकामे ग्लास दिसले, बिनमिठाचं ताक दिसलं, उघडून मिटलेलं तोंड दिसलं. तिने जमिनीवर बसून कपाळ बडवून घेतलं. "मीच गो बाय, मीच! वरून माझी शपथ घातली. ताक-पाणी प्यायला जात होते, तेपण मी तोडलं."

तुळसाने सगळे डबे पिशवीत भरले आणि खाली नेऊन टाकून आली. फ्रिजचा वरचा कप्पा रिकामा झाला. रखमाने तिकडे पाहिलं नाही.

तुळसा गेली त्या दिवशी रखमाने कण्यांची पेज केली. डॉक्टरांनी मीठ पार बंद केलं होतं, म्हणून नुसत्या कण्या आणि पाणी. तिने आधी स्वतः चमचाभर चाखली. घशाखाली उतरेना अशी. मग ताट घेऊन ती गुणाजीच्या उशाशी बसली आणि भरवायला लागली. अर्धी आत, अर्धी हनुवटीवर. तो गिळत होता. शेवटचा चमचा झाल्यावर तिने पदराने त्याचं तोंड पुसलं.

"अळणी आहे ना?" ती म्हणाली. "सांगा की. मान हलवा नुसती."

तो तिच्याकडे बघत होता.

"ते डबेपण खारट होते. मला कळलं. अहो, एवढं वर्षभर गिळलंत, एकदा तरी बोलायचं होतं. मी काय केलं असतं? रडले असते, दोन दिवस बोलले नसते, एवढंच ना?" तिने रिकामं ताट त्याच्या चालत्या हाताखाली सरकवलं, त्याची बोटं धरून कडेवर ठेवली. "फेका. माझी शपथ सुटली, तुमचीपण सुटली. एकदा फेका हो ताट."

गुणाजीची बोटं ताटाच्या कडेवरून निघाली. डावा हात हळूहळू वर आला, छातीच्या उंचीवर थांबला. त्याने बराच वेळ खटपट केली आणि अंगठ्याला तर्जनी टेकवली.