निळ्या तारवावरची भिंगरी

साल २०११. ऑपरेटरबाईंना सदुसष्टावं लागलं होतं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौतीस वर्षं काढलेल्या बाई. एके काळी शहरातले चारशे नंबर त्यांना तोंडपाठ होते. त्या वर्षी मात्र एकाच महिन्यात दोनदा दूध उतू जाऊन पातेलं करपलं आणि लेकीने डॉक्टरांची वेळच घेऊन टाकली. "नुसतं दाखवून येऊ, आई. हल्ली विसरतेस तू."

बाई "बरं" म्हणाल्या, पण आतून हादरल्या. आठवण हीच तर त्यांची मिळकत होती.

विरंगुळा काय तो रविवार सकाळचा. वाचनालयाच्या मागच्या खोलीत 'निळं तारू' या पुस्तकमालेचे तीन भक्त जमायचे. चौदा पुस्तकं, एक कप्तान, एक सुतार, एक आचारी आणि चहूकडे समुद्र. एक भक्त बाई. दुसरा म्हातारा शिंपी. त्याने आपल्या चौदाही प्रतींना सुटाच्या उरलेल्या कापडाची कव्हरं शिवली होती. तिसरी दातांची डॉक्टरीण, वयाने बाईंच्या निम्मी, वडिलांच्या प्रती वाचून नादी लागलेली.

त्या दिवशी विषय निघाला, सगळ्यात आवडता प्रसंग कोणता.

"पाचव्यातलं धुकं," बाई म्हणाल्या. "कप्तानसुद्धा हात टेकतो, आणि भिंगरी नाक वर करून म्हणते, 'कप्तान, डावीकडे ओली माती आहे!'"

"कोण भिंगरी?" शिंप्याने विचारलं.

"अहो, डोलकाठीखाली बसते ती पोर. दहा पावलांपुढचं दिसत नाही तिला."

"बाई, त्या तारवावर सगळे दाढीवाले. पोर कुठली आणलीत?"

डॉक्टरीणबाईंनी पाचवं पुस्तक उघडून वाचलं. "'दुपारनंतर धुकं आपोआप विरलं आणि समोर किनारा दिसला.' एवढंच आहे हो, मावशी."

बाईंनी पुस्तक ओढून घेऊन ती ओळ स्वतः वाचली. त्यांनी चौदाही पुस्तकं घरी नेली आणि ओळीखाली बोट धरून नऊ दिवसांत संपवली. भिंगरी कुठेच नव्हती. आणि तरी बाईंना तिचा आवाज ऐकू येत होता, अगदी कडब्याच्या वासासकट. कारण लहानपणी खेड्यात ही पुस्तकं त्यांनी वाचली नव्हती, ऐकली होती. पुढेही सगळं तोंडपाठच असल्याने उघडून बघायची कधी गरज पडली नव्हती. त्यांची ताई पाच वर्षांनी मोठी. ती गव्हाणीवर पुस्तक उघडं ठेवून वैरण तोडायची आणि मोठ्याने वाचायची.

डॉक्टरांची वेळ गुरुवारची होती. बुधवारी बाईंनी गावी ताईला फोन लावला.

"ताई, खरं सांग. निळ्या तारवावर भिंगरी होती की नव्हती?"

"होती की! तिचा फुटक्या कानाचा पेला होता, विजेला भ्यायची. का गं?"

"पुस्तकात नाही ती."

"पुस्तकात कशी असेल? मी घातली ती."

बाईंनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"तुला तेव्हा धड दिसायचं नाही," ताई सांगू लागली. "चष्मा लागला तो दहाव्या वर्षी. तोवर पोरी तुला खेळायला घ्यायच्या नाहीत. एकदा मला म्हणालीस, 'ताई, तारवावर आंधळ्या मुलीला घेतात का?' मी म्हटलं, घेतात. आता बोलून बसले म्हटल्यावर घ्यायलाच लागली."

"चौदा पुस्तकं, ताई?"

"मग काय, मध्येच समुद्रात ढकलू तिला?"

"आणि ते धुकं?"

"आपोआप विरलं म्हणे! इतका वेळ जीव टांगणीला लावायचा आणि मग आपोआप?"

"पण धुकं आपोआपच विरतं गं."

"रानात विरतं. गोष्टीत विरून कसं चालेल?"

फोन ठेवल्यावर बाईंनी त्या वाचनाचा हिशेब बोटांवर मांडला. चार वर्षं. समोर छापील ओळ, हातात विळा, मध्येच म्हशीची लाथ, आणि त्यातून ताईने एक अख्खी पोर तारवावर चढवली होती. कुठे अडखळली नाही. पहिल्या पुस्तकातला पेला चौदाव्यातही त्याच कानाशी फुटका. आणि ही ताई शाळेत गेली होती फक्त चौथीपर्यंत. आपण जन्मभर जिच्यावर जीव टाकला ती दहा पावलांपुढचं न दिसणारी भिंगरी खरी कोण होती, हे बाईंना आत्ता, सदुसष्टाव्या वर्षी कळत होतं.

गुरुवारी डॉक्टरांनी पाच आकडे उलटे म्हणायला सांगितले. बाईंनी पाचाच्या जागी अकरा म्हणून दाखवले. डॉक्टर म्हणाले, स्वयंपाक करताना पुस्तक वाचू नका.

पुढच्या महिन्यात ताई शहरात आली, तेव्हा बाई तिला वाचनालयात घेऊन गेल्या. ती दारात दिसताच, बाईंकडून सगळी हकीकत आधीच ऐकलेला शिंपी खुर्चीवरून उठून उभा राहिला आणि ती बसेपर्यंत बसला नाही. ताईने बहिणीच्या कानाशी लागून विचारलं, "ह्यांच्या कमरेला काही झालंय का?" मग तिने पाचवं पुस्तक मांडीवर घेतलं आणि धुक्याचं पान वाचलं, भिंगरीसकट. दाढीवाल्यांच्या त्या तारवावर इतकी वर्षं जागा रिकामी होती आणि आपल्याला ती दिसली नाही, असं शिंपी पुढे अनेक रविवार म्हणत राहिला.

तो २०१४ साली वारला. त्याची पुस्तकं कव्हरांसकट वाचनालयात आहेत. डॉक्टरीणबाई दुसऱ्या शहरी गेल्या. मुलीला 'निळं तारू' वाचून दाखवताना भिंगरीला वगळत नाहीत, असं त्यांचं पत्र आलं. लेकीने पुन्हा कधी डॉक्टरांचं नाव काढलं नाही. ताई २०१७ च्या उन्हाळ्यात गेली, दुपारी, अंगणातल्या बाजेवर. ऑपरेटरबाई आता ऐंशीच्या पुढे आहेत. दिसणं पुन्हा कमी झालंय. वाचनालयातली एक मुलगी दर मंगळवारी येऊन त्यांना वाचून दाखवते, आणि मध्ये स्वतःचं काही घातलंस तरी चालेल, असं बाईंनी तिला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलंय.