राहिलेलं छत

चक्कर उतरवणाऱ्या एका बाबांच्या हॉलमध्ये शे-दीडशे माणसं मान खाली घालून बसली होती. नजर वर केली की दोष पुन्हा चढतो, असा बाबांचा नियम. "फिरतंय का कुणाचं डोकं?" बाबा विचारत. "नाही!" सगळे एका सुरात ओरडत. झाला चमत्कार!

त्यांतच माझा दादा बसायचा. आम्ही दोघे भाऊ रंगारी. कूस बदलली किंवा वर पाहिलं की दादाला खोली गरगर फिरल्यासारखी वाटायची. बाबांनी त्याला तीन आठवडे मान खाली ठेवायला आणि बसूनच झोपायला लावलं. चक्कर गायब! मला हे सगळं थोतांड वाटत होतं, पण दादाचा खुललेला चेहरा पाहून मी गप्प बसलो. "जा, बरा झालास," म्हणत बाबांनी त्याची पाठ थोपटली.

दुसऱ्याच दिवशी दादा शिडीवर चढला. छताला ब्रश लावायला त्याने मान मागे टाकली आणि तोल जाऊन तो फरशीवर पडला. पुन्हा उठलाच नाही.

महिन्याभराने मी कानाच्या एका डॉक्टरीणबाईंना घेऊन त्याच हॉलमध्ये गेलो. वहिनीही आली.

"त्याची श्रद्धा कमी पडली," बाबा म्हणाले.

चक्कर येणाऱ्या एका मावशींना तपासून बाईंनी बाकावर आडवं केलं, मान एका बाजूला वळवून जराशी मागे झुकवली.

"अगं बाई, फिरलं सगळं!" मावशी किंचाळल्या. त्यांचे डोळे थरथरू लागले.

"थांबा, ओसरेल." बाईंनी मान सावकाश दुसरीकडे वळवली, मावशींना कुशीवर घेतलं, मग उठवून बसवलं. थोड्या वेळाने पुन्हा आडवं केलं, तर काहीच नाही.

"कानाच्या आत चुन्याचे बारीक कण असतात," बाई म्हणाल्या. "ते भलत्या नळीत शिरले की मान हलताच चक्कर येते. मान हलवलीच नाही तर येईल कशी? काहींचं आपोआप बरं होतं, त्याचं श्रेय हे बाबा घेतात. गोळीने मळमळ थांबेल, पण कण जागेवर जायला मान अशी वळवावी लागते."

"बाई, तुमच्या हातात जादू आहे!" लोक त्यांच्या पाया पडायला धावले.

"अहो, उठा! जादू कसली? हे शिकून येतं."

वहिनीने मला हळूच विचारलं, "भाऊजी, किती वेळ लागला हो?"

"पाच मिनिटं."

ती तिथेच खाली बसली आणि रडली.

बरं वाटणं आणि बरं होणं यांत फरक आहे. शंका आली तर विचारा, आपलं माणूस दुखावलं तरी विचारा. मी विचारलं नाही. ते छत अजून अर्धंच रंगलेलं आहे. मला वर पाहवत नाही.