तळ्यावर आहे

बाबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान चार वाजता बंद व्हायचं. दारावर पाटी लागायची, ‘तळ्यावर आहे’. गिऱ्हाइकं मग तळ्यावर यायची आणि बाबा ओल्या अंगानंच त्यांच्याशी बोलायचे. आमचं शहर धड लहान नव्हतं, धड मोठंही नव्हतं. तिथं कुणाला यात वावगं वाटत नसे.

बाबांनंतर दुकान दादा चालवू लागला. मी नोकरीसाठी गेले ती अकरा वर्षांनी परतले, तेही तीनच दिवसांसाठी. पहिल्याच दुपारी दादानं डोळ्यावरचं भिंग काढलं. “चल, चार वाजले.”

तळ्यावर शाळेतल्या बाई भेटल्या. बंद पडलेलं घड्याळ दादाच्या हातात देत त्यांनी मला निरखलं.

“ही धाकटी ना? तळ्यातल्या त्या खडकापर्यंत एका दमात पोहत जायची ती?”

मला चेव आला. पाण्यात उतरले, पण निम्म्यातच धाप लागली, पाय जड झाले. घाबरून वळले तर दादा शेजारीच पोहत होता.

“उताणी हो,” तो म्हणाला. “खडक कुठं पळून जातोय?”

मी उताणी झाले. त्याचा हात पाठीखाली होता, लहानपणी बाबांचा असायचा तसा. वर चहूबाजूंनी डोंगर दिसत होते. डोळे भरून आले. चेहरा ओलाच होता, म्हणून बरं.

खडकावर पोचायला अर्धा तास लागला.

“दादा, मी आठवडाभर राहते.”

“राहा की,” तो अंग निथळवत म्हणाला. “पण तुझ्या या वेगानं परतायचं तर वहिनीला सांगायला हवं, आज जेवायला उशीर होईल.”