खुळखुळ्याची खोटी साक्ष

मित्रांनो, मी लहान मुलांच्या दवाखान्यातला एक जुना लाल खुळखुळा आहे, आणि मला माझीच किळस येते. लाळेमुळे नव्हे. शेकडो बाळांनी मला चोखलं, नर्सबाईंनी एकाच ओशट फडक्याने मला पुसलं, ते सगळं मी निमूट सोसलं. किळस येते ती माझ्या कामाची.

नवाकोरा आलो तेव्हा माझी काय ऐट होती! मी वाजलो की बाळ वळे आणि डॉक्टर माझं कौतुक करत. पुढे गर्दी वाढली. डॉक्टर बाळाला नावाने हाक मारता मारताच मला वाजवू लागले. बाळ वळलं की कागदावर 'नावाला प्रतिसाद देते' यापुढे बरोबरची खूण. अहो, ते वळलं माझ्या आवाजाला. पण मला विचारतो कोण?

ठकू अकरा महिन्यांची. तिच्या गुणसूत्रांत जन्मापासूनच दोष, म्हणून तिला वरचेवर तपासायला आणत. पूर्वी ती मला बघायची आणि मग आईकडे बघून हसायची. आता नुसतीच मला बघत राही.

"डॉक्टर, ही हल्ली माझ्याकडे बघतच नाही," आई म्हणाली. "हाक मारली तरी ढिम्म."

"अहो, अशा मुलांचं सगळं उशिराच होतं. ठकू!" डॉक्टरांनी मला वाजवलं. ठकू वळली, कागदावर बरोबरची खूण पडली. "बघा. उगाच जिवाला घोर लावून घेता."

"गुणाची आहे माझी नात," आजी म्हणाली. "रडणं नाही, कडेवर घ्या म्हणणं नाही."

लेकरू हातचं निसटत होतं आणि हे त्याचे गोडवे गात होते.

आईने मला डॉक्टरांच्या हातातून सरळ काढून घेतलं आणि मुठीत आवळलं. "आता मारा हाक."

डॉक्टरांनी मारली. आजीने मारली. आईने तीनदा मारली. ठकू खिडकीच्या पडद्याच्या काठाकडे बघत राहिली. मग आईने हात खाली घेतला, माझ्यातला एक मणी हलला, आणि ठकू झटकन वळली. आईकडे नव्हे, मुठीकडे.

डॉक्टरांनी खूण खोडली. "स्वमग्नतेची तपासणी याच आठवड्यात करून घेऊ," ते हळूच म्हणाले. आजी पदराने डोळे पुसत होती.

मित्रांनो, बाळाला हाक मारताना मला खणात ठेवा आणि त्याच्या आईचं ऐका. कपाटात जुन्या कागदांचा गठ्ठा आहे. त्यांवरच्या माझ्या खुणा अजून कोणी खोडलेल्या नाहीत.