नऊ ओळींचा दगड

कुवेतच्या फैलका बेटावर फार पूर्वी सिकंदराच्या मागून आलेले ग्रीक राहून गेले होते. बेटाला ते इकारोस म्हणत. त्यांची देवळं, भट्ट्या, मातीच्या मूर्ती वाळूखालून निघत, आणि निघेल ते कागदावर उतरवायचं काम नाशिकचे रामभाऊ गायधनी चौदा वर्षं करत होते.

१९९०च्या मार्चमध्ये तिथे एक शिलालेख सापडला. नऊ ओळींचा, पण अक्षरं इतकी झिजलेली की फोटोत नुसता खडबडीत दगड दिसे. रामभाऊंनी आरशाने तिरपं ऊन पाडून तीन आठवडे एकेक अक्षर ट्रेसिंगच्या कागदावर टिपलं. ग्रीक त्यांना वाचता येत नव्हतं. वाचणारे तज्ज्ञ ऑक्टोबरात यायचे होते.

ऑगस्टमध्ये इराकी फौज आली. तिने बेटावरच्या माणसांना हुसकून लावलं. त्यांत मुनिरा होती. पुराणवस्तू खात्यातली अधिकारी, जन्माने बेटावरचीच. ती कुवेत शहराजवळच्या अब्बासियात रामभाऊंच्या घरी आली तेव्हा तिच्या हातात साधी पिशवीसुद्धा नव्हती.

"दगड तिथेच राहिला, रामभाऊ. आता तुमच्या चित्राशिवाय काही नाही. घेऊन जा भारतात."

"नेतो. माझ्यावर सोडा," रामभाऊ म्हणाले.

सप्टेंबरात ते आणि त्यांची बायको प्रभा इराकमार्गे भारतात परतायला बसराच्या बसमध्ये बसले. चित्र गुंडाळून त्यांनी सदऱ्याच्या आत पाठीला बांधलं होतं. सीमेच्या अलीकडे बस थांबवली आणि झडती सुरू झाली. शिपायाच्या हाताला गुंडाळी लागली. त्याने ती उलगडली. अनोळखी लिपी, कडेला मोजमापं, खाली बेटाचं नाव.

"खरीता!" तो ओरडला. नकाशा!

रामभाऊंनी मोडक्यातोडक्या अरबीत सांगितलं, जुना दगड आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचा. पण ते कागद सोडेनात, तेव्हा शिपायाने बस अडवून सगळ्यांना खाली उतरवलं. बसमधली चाळीस माणसं उन्हात रांगेत उभी राहिली. तास गेला, दुसरा गेला. एका बाईचं तान्हं मूल रडून रडून गप्प झालं होतं.

"अहो, देऊन टाका ना," प्रभा दबक्या आवाजात म्हणाली.

"पुन्हा नाही काढता येणार गं."

"त्या पोराकडे बघा जरा."

रामभाऊंनी बघितलं. मग त्यांनी शिपायाला हातानेच खूण केली, जाळ. शिपायाने लायटर त्यांच्याच हातात दिला. ट्रेसिंगचा कागद क्षणात गोळा झाला. बस सुटली.

पुढल्या जुलैत खात्याने बोलावलं म्हणून ते एकटेच कुवेतला परतले. तेलविहिरींच्या धुराने भर दुपारी दिवे लावावे लागत होते. बेटावर सुरुंग पेरलेले, मुनिराचं घर पडलेलं. दगड ठेवलेल्या खोलीत दगड नव्हता, फौजेची शेवाळी रंगाची रिकामी खोकी होती.

"चित्र?" मुनिराने विचारलं.

त्यांनी घडलं तसं सांगितलं. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं, असं त्यांना वाटलं.

"आठवतंय तेवढं काढा," ती म्हणाली.

चार दिवस ते बसले. हात अक्षरं काढायचा, पण ती अक्षरं दगडावरची की आपल्या मनातली, याची खात्री पटेना. आठ ओळी त्यांनी स्वतःच खोडल्या. पहिल्या ओळीतला एक शब्द तेवढा पक्का होता. ग्रीक येत नसलं तरी असे दगड पाहिलेल्या मुनिराने तो ओळखला.

"'देवांना'," ती म्हणाली. "असल्या बहुतेक दगडांवर हा असतोच, रामभाऊ."

तिने कागद परत दिला. त्यांनी तो बॅगेत ठेवला.

दिवाळीआधी ते नाशिकला आले. प्रभाने पाण्याचा तांब्या पुढे करत विचारलं, "काय म्हणाल्या मुनिराबाई?"

"काही नाही," रामभाऊ म्हणाले, आणि बॅग न उघडताच माळ्यावर टाकायला उठले.