सायकलवाल्यांचं पाणी

पंजाबरावांना सायकलचा मनापासून राग होता, आणि तो फुकटचा नव्हता. पोस्टमन म्हणून त्यांची सगळी नोकरी वलगावच्या पलीकडच्या खेड्यांत, शेतांमधल्या पांदणीपांदणीतून सायकल रेटण्यात गेली. पावसाळ्यात काळी माती मडगार्डात ठासून भरली की चाक फिरायचं बंद व्हायचं. मग माणसानं सायकलवर बसायचं सोडून सायकलच माणसाच्या खांद्यावर बसायची. निवृत्त झाले त्याच आठवड्यात त्यांनी ती भंगारवाल्याच्या गाड्यावर टाकली आणि मोटरसायकल घेतली.

अशा माणसाच्या पोटी धर्मेंद्र जन्मला. अमरावतीत सरकारी इंजिनिअर, दारात चारचाकी, आणि हा गडी हौसेनं सायकल घेऊन आला! तिची किंमत ऐकून पंजाबराव म्हणाले होते, "मोटरसायकलच्या भावात बिनमोटरची आणली? दुकानदारानं मोटर काढून ठेवली काय रे?"

धर्मेंद्र एका सायकल मंडळात जाऊ लागला होता. डॉक्टर, प्राध्यापक, बँकवाले अशी शहरातली भरल्या पोटाची माणसं त्यात होती. ज्या खेड्यांतून यांच्या बापजाद्यांनी जीव घेऊन शहर गाठलं, त्याच खेड्यांतून ही मंडळी दर रविवारी रमतगमत सायकली फिरवायची आणि त्याला संथ प्रवास म्हणायची. निवांत रस्ते, हिरवी शेतं, साधी माणसं. साधी म्हणजे नेमकी कोणती, असं पंजाबरावांनी पोराला एकदा विचारलं होतं. पोरानं विषय बदलला.

एक गोष्ट मात्र तो छाती फुगवून सांगायचा. मंडळात सगळे एकमेकांना नुसत्या नावानं हाक मारतात, आडनाव कोणी विचारत नाही. "ते दिवस गेले, बाबा," असं तो म्हणायचा. "गेले नाईत, कपडे बदलून आले," असं पंजाबराव म्हणायचे. यावरून बापलेकांची दर सणाला जुंपायची. खरं सांगायचं तर या एका भांडणात आपण हरावं आणि पोरगं जिंकावं, असं पंजाबरावांना आतून फार वाटायचं. ते त्यांनी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

म्हणून धर्मेंद्रनं जेव्हा सांगितलं, की येत्या रविवारी मंडळाचा नाश्ता गावात आपल्या घरी, तेव्हा त्यांनी नेहमीची टिंगल केली, पण अंगणात सडा स्वतः टाकला. घरात गॅस असताना त्यांच्या बायकोला, सुंदराबाईंना, विटा मांडून चूल पेटवावी लागली, कारण पाहुण्यांना चुलीवरची भाकर हवी होती.

"घरात गॅस असून डोये काहून फोडून घ्यायचे?" सुंदराबाईंनी विचारलं.

"त्यायले धूर पायजे," पंजाबराव म्हणाले. "शहरात भेटत नाई ना."

उन्हं वर आली तशी सायकली आल्या. अंगाला चिकटलेले झगझगीत कपडे, डोक्यावर टरबुजाच्या अर्ध्या फाकेसारखी हेल्मेटं, आणि चड्डीला बुडाशी उशी शिवलेली. ती उशी पाहून पंजाबरावांना हसू आवरेना. नोकरीभर त्यांच्या बुडाची चौकशी कोणी केली नव्हती.

पुढारी होते श्याम, दातांचे डॉक्टर. त्यांच्यामागे प्रणाली मॅडम, कॉलेजात शिकवायच्या आणि सायकल चालवण्यापेक्षा मोबाईल जास्त चालवायच्या. फाटकातूनच त्या ओरडल्या, "काका, आधी पाणी द्या हो, जीव गेला!"

"माठातलं असेल तर माठातलंच," डॉक्टर म्हणाले. "गावात येऊन फिल्टरचं काय प्यायचं?"

सुंदराबाई लगबगीनं आत गेल्या. डॉक्टर ओसरीवरच्या खुर्चीत ऐसपैस बसले, काळा चष्मा काढून बाजूच्या स्टुलावर ठेवला आणि म्हणाले, "काका, आडनाव काय म्हणालात आपलं?"

पंजाबराव काहीच म्हणाले नव्हते. त्यांनी पोराकडे पाहिलं. पोरगं सायकलची चेन पाहण्यात अचानक गुंतलं होतं. पंजाबरावांनी आडनाव सांगितलं.

"अच्छा," डॉक्टर म्हणाले. मग त्यांची नजर दारातून आत गेली. समोरच्या भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो होता, दोन्हीला ताजे हार. "अच्छा, अच्छा."

एका अच्छात काम भागलं असतं. पुढचे दोन पंजाबरावांनी नीट ऐकून घेतले.

सुंदराबाई ट्रे घेऊन आल्या. घासून लखलखीत केलेले स्टीलचे पेले, बाहेरून घाम आलेले. डॉक्टरांनी हात जोडले. "नको काकू, बाटली आहे माझी. बाहेरचं पाणी आम्ही घेत नाही. इन्फेक्शनचं काय सांगता येतं?"

आत्ता फाटकात ज्यांचा जीव गेला होता त्या प्रणाली मॅडमनाही आपल्या बाटलीची आठवण झाली. मग एकेकाला झाली. ट्रे सगळ्या ओसरीवर फिरला आणि होता तसा भरलेला परत आला.

"घ्या न बाप्पा, घरचं हाय," सुंदराबाई म्हणाल्या. त्यांना वाटलं, पाहुणे लाजून राहिले.

मग चुलीचे फोटो निघाले. भाकरी थापणाऱ्या सुंदराबाईंचे निघाले. झुणका आणि ठेचा ताटात वाढून वरून एक, बाजूनं एक असे निघाले. खायची वेळ आली तेव्हा एकाचं डाएट निघालं, दुसऱ्याची ॲसिडिटी, तिसऱ्याला सायकलवर जड चालत नव्हतं. धर्मेंद्र एकटा जेवला. मोठमोठ्यानं हसत, आग्रह करत त्यानं दोन-तीन माणसांचं खाल्लं. त्याच्याकडे पाहणं पंजाबरावांना जड गेलं. चुकलं ते इतरांचं, आणि घास कोंबत होतं आपलं पोरगं!

मंडळी गेली, धर्मेंद्रही त्यांच्यासोबत. पुढचा थांबा चांदूर बाजारच्या रस्त्यावर, महादेवरावांच्या संत्र्याच्या मळ्यात होता. स्टुलावर डॉक्टरांचा काळा चष्मा राहिला होता.

"धर्माले फोन करा, तो येईन घ्यायले," सुंदराबाई म्हणाल्या.

"मीच देऊन येतो," पंजाबराव म्हणाले आणि त्यांनी मोटरसायकलला किक मारली. चष्म्याची त्यांना काडीची फिकीर नव्हती. त्यांना पाहायचं होतं.

महादेवरावांचं घर पंजाबरावांच्या टपालाच्या वाटेवरचं. महादेवरावांचे वडील होते तोवर त्या घरात पोस्टमनचा पेला बाहेरच्या कोनाड्यात वेगळा असायचा. पुढे कारभार महादेवरावांकडे आला आणि कोनाड्यातला पेला गेला. मन किती बदललं ते पंजाबराव सांगू शकत नव्हते, पण पेला गेला एवढं खरं.

मळ्यात मंडळ झाडाखाली बैठक मारून बसलं होतं. पाचोळ्याच्या आगीत हरभऱ्याचे डहाळे भाजले होते. ज्यांना इन्फेक्शनची धास्ती होती ते राखेसकट घाटे सोलून तोंडात टाकत होते. बोटं काळी, ओठ काळे. मधोमध माठ, माठावर एकच पेला, आणि तो पेला या हातातून त्या हातात फिरत होता.

"काय पाणी आहे!" डॉक्टर म्हणत होते. "विहिरीचं ना?"

"हाव, आमच्या विहिरीचं," महादेवराव म्हणाले.

"ही चव अमरावतीत मिळायची नाही." डॉक्टरांनी पेला संपवला आणि प्रणाली मॅडमना दिला.

धर्मेंद्र सगळ्यांपासून जरा दूर, मळ्याच्या कडेला धुऱ्यावर बसला होता. बाप दिसताच तो उठून आला आणि हळू आवाजात म्हणाला, "बाबा, त्यायच्या बाटल्या खाली झाल्या होत्या."

 पंजाबराव झाडाला टेकवलेल्या सायकलींकडे गेले. डॉक्टरांची सायकल सगळ्यांत भारी, ओळखायला अवघड नव्हती. तिच्या दांड्याला बाटली अडकवलेली होती, पारदर्शक आणि गळ्यापर्यंत भरलेली. धर्मेंद्रला ती दिसली. बापाला ती दिसली हेही त्याला दिसलं.

"या पंजाबराव, पानी घ्या," महादेवरावांनी तोच पेला भरून पुढे केला.

"थांबा, मंग देजा," पंजाबराव म्हणाले. त्यांनी चष्मा हँडलला अडकवला, बाटली काढली आणि ओरडून विचारलं, "डॉक्टर, तुमची बाटली भरेल हाय. घेऊ काय घोटभर?"

"हो हो, घ्या ना काका," डॉक्टर म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

पंजाबरावांनी बाटली तोंडाला लावली. चांगले दोन घोट घेतले, मिशीवरून हात फिरवला आणि झाकण लावलं. "चांगलं हाय. काई इन्फेक्शन गिन नाई." मग बाटली जागेवर खोचून ते मोटरसायकलकडे निघाले.

"चला, निघू या. ऊन होतंय," डॉक्टर उठले.

धर्मेंद्रनं ती बाटली काढली आणि त्यांच्यापुढे धरली. "श्याम, निघण्याआधी एक घोट घ्या."

"आत्ताच प्यायलो रे."

"एकच."

कोणी घाटे सोलेना. प्रणाली मॅडमनी मोबाईल खाली घेतला. डॉक्टरांनी बाटलीकडे पाहिलं, मग आजूबाजूला पाहिलं आणि हसत म्हणाले, "हे बघ धर्मेंद्र, मी उष्टं कुणाचंच पीत नाही. साधी स्वच्छतेची गोष्ट आहे. तू उगाच वेगळा अर्थ काढू नकोस."

तो फिरता पेला हिंडून आता पुन्हा त्यांच्याच हातात आला होता. काठाला सगळ्यांच्या ओठांची काजळी लागली होती.

"मी कुठं काही अर्थ काढला, श्याम?" धर्मेंद्र म्हणाला.

 धर्मेंद्रनं झाकण उघडलं, उरलेलं सगळं पाणी उभ्या उभ्या पिऊन टाकलं आणि रिकामी बाटली डॉक्टरांच्या हातात दिली. मग आपली सायकल काढून तो गावाच्या दिशेला वळला.

पंजाबराव मोटरसायकलवर बसून होते. सगळा जन्म टोमणे मारण्यात गेलेल्या या माणसाला हातात आलेल्या विजयाची शिसारी आली. पोराचं खरं ठरलं असतं तर गावभर साखर वाटली असती त्यांनी.

"सायकल राहू दे," ते म्हणाले. "महादेवराव ठेवतीन. बस मांगं."

"नाई, चालवत येतो." धर्मेंद्रनं पायडलवर पाय ठेवला.  मग म्हणाला, "आईले सांगू नका, बाबा. तिले वाटते, पाहुणे लाजले."